दगड-खनिजांवर मुलांपुढे पंधरा मिनिटं बोलायचंय, पोरं झोपणार नाहीत असं काहीतरी सुचवा

अर्धवट_अभ्यासू

मंडळी, एका घोळात अडकलेय. लेकीच्या वर्गात (सहावी) पालकांनी येऊन पंधरा मिनिटं कशावर तरी बोलायचं असं ठरलंय, विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि माझ्या हाताला लागली "दैनंदिन जीवनात खडक व खनिजांचे महत्त्व". माझ्या पुढच्या बाईंना फुलपाखरं मिळाली. म्हणजे बघा. माझा आणि दगडांचा आजवरचा संबंध "डोक्यात काय दगड भरलेत का" एवढाच, तोही ऐकून घेण्यापुरता.

शोधलं तर सगळीकडे तीच यादी, लोखंड बांधकामाला, तांबं तारांना, ॲल्युमिनिअम भांड्यांना. लेकीला वाचून दाखवली तर तिसऱ्या ओळीला म्हणाली आई हे पुस्तकात आहे, आणि असंही आता सगळं प्लास्टिकचंच असतं, दगड कोण वापरतं. यावर मला काही उत्तर सुचलं नाही, खरं सांगते.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, खडक आणि खनिज यात फरक काय ते मला समजेल अशा भाषेत (मुलांचं नंतर बघू). दोन, हातात धरून दाखवता येतील, करून बघता येतील अशा गोष्टी, शक्यतो घरातल्याच. हिरे-माणकं आणू शकत नाही. हातात दहा दिवस आहेत.

कातळकडा

ताई, भूगर्भशास्त्र शिकलोय, पोट मात्र दुसऱ्याच कामावर भरतं, त्यामुळे असा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. लांबलं तर सांभाळून घ्या.

फरक सांगतो पण व्याख्येपासून नको. पॉलिश केलेल्या ग्रॅनाईटचा तुकडा मिळाला तर तोंड अगदी जवळ नेऊन बघा, एरवी नुसता ठिपक्याठिपक्यांचा दिसतो पण जवळून तीन वेगळ्या वस्तू दिसतात. गुलाबी किंवा दुधी रंगाचे चपटे तुकडे, तो फेल्डस्पार. त्यांच्या मधल्या फटीत करडं, काचेसारखं, ओलसर वाटणारं काहीतरी, तो क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. आणि काळे चमचमणारे ठिपके, त्यात अभ्रक असतं, सुईचं टोक घातलं तर पापुद्रा सुटतो. हे तिन्ही एकेकटे म्हणजे खनिज आणि तिन्ही मिळून जे झालं तो खडक. संपलं. खनिजाला ठरलेली रासायनिक घडण असते आणि आतले अणू ठरलेल्या रचनेत बसलेले असतात, खडकाला असं काही बंधन नाही, त्यात जे जमलं ते जमलं.

या हिशोबात गंमत अशी की निसर्गात गोठलेला बर्फ हे खनिज आहे पण खिडकीची काच नाही, कारण एक तर ती माणसाने केलेली आणि दुसरं म्हणजे काचेतले अणू रांगेत बसलेले नसतात. कोळसाही काटेकोर व्याख्येत बसत नाही, तो झाडापाल्याचा. आजवर ६,००० च्या वर खनिजं नोंदली गेलीत, पण जमिनीचं कवच साधारण निम्मं एकट्या फेल्डस्पारच्या जातकुळीचं आहे. आणि वजनाने बघाल तर कवचात ४६ टक्के ऑक्सिजन. मुलांच्या हातात दगड द्या आणि सांगा यात जवळजवळ अर्धा ऑक्सिजन आहे, फक्त श्वास घेता येणार नाही.

एक सावधगिरी. दुकानात ज्याला काळा ग्रॅनाईट म्हणतात तो बहुतेक वेळा ग्रॅनाईट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराईट नावाचा दुसराच खडक असतो. क्वार्ट्झ शोधत बसाल आणि सापडणार नाही. ठिपक्यांचा घ्या.

खनिजं बाजारात नि घरात शिरताना नाव बदलून येतात, त्यामुळे ओळखू येत नाहीत, माझ्या मते तुमच्या बोलण्याचा कणा तोच ठेवा. यादी नको. चार वस्तू घ्या आणि प्रत्येकीचं सोंग उतरवा.

जुनाट_रेडिओ

सोंग म्हणालात म्हणून, सगळ्यात मोठं सोंग तर मुलांच्या दप्तरातच आहे. शिसपेन्सिल. शिसं नसतं हो त्यात, कधीच नव्हतं. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात एक काळा मऊ दगड सापडला, लोकांना वाटलं शिशाचाच कुठला तरी प्रकार, आणि तेच नाव चिकटलं ते आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचलं. १७७९ मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की हा नुसता कार्बन आहे, मग १७८९ ला त्याचं ग्रॅफाईट असं बारसं झालं. पण तोवर उशीर झाला होता, आपण अजून शिसपेन्सिलच म्हणतो.

पुढचं अजून भारी. फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध सुरू, चांगलं ग्रॅफाईट यायचं बंद, तेव्हा १७९५ मध्ये काँते नावाच्या माणसाने हलक्या ग्रॅफाईटची पूड चिकणमातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या. आजची पेन्सिल अजून तशीच बनते. माती जास्त तर एच, कडक आणि फिकट. ग्रॅफाईट जास्त तर बी, मऊ आणि काळीकुट्ट. म्हणजे पेन्सिल ही खरी तर भाजलेल्या मातीची कांडी.

करून दाखवायचं असेल तर हे करा, मी भाच्यासोबत केलंय. सहा बी किंवा आठ बी पेन्सिलने कागदावर बोटभर रुंद पट्टा गिरवायचा, चार-पाच वेळा गच्च, कागद चकाकायला लागेपर्यंत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक एलईडी, दोन वायरी. सर्किटमध्ये एक जागा मोकळी सोडून ती दोन टोकं पट्ट्यावर टेकवायची, दिवा लागतो. टोकं लांब नेत गेलं की मंद होत जातो. भाच्याने तोंडाचा आ केला होता. आमचा पहिला प्रयत्न फसला कारण एचबी वापरली होती आणि पट्टा फिका होता, शिवाय एलईडी उलटा लावला होता ते वेगळंच.

घड्याळाचंही सांगून टाका, फार वेळ लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळावर क्वार्ट्झ लिहिलेलं असतं ते मुलं रोज वाचतात, कुणी विचारत नाही का ते. आत क्वार्ट्झचा एक इवलासा चिमटा असतो, त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा वेडावाकडा वाटतो पण त्याला १५ वेळा अर्धा करत गेलं की बरोब्बर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मुलांना फळ्यावर भागायला लावा, पाच मिनिटं तिथेच जातील :) या थरथरण्यामागचा गुण, म्हणजे क्वार्ट्झ दाबला की त्यात वीज तयार होते, क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला आणि मनगटावरचं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ आलं १९६९ ला. मात्र घड्याळातला क्वार्ट्झ डोंगरातला नसतो, कारखान्यात दाबाखाली हळूहळू वाढवलेला असतो.

शंकेखोर

सगळं छान चाललंय पण थोडा विरोध नोंदवतो. "मोबाईलमध्ये इतकी खनिजं असतात" असली पोस्टरं शाळांमध्ये लावतात ना, ती मला पटत नाहीत. मोबाईलमध्ये लिथिअम असतं, कोबाल्ट असतं, टँटॅलम असतं, ही मूलद्रव्यं झाली. खनिज कुठाय त्यात? दगड फोडून, वितळवून, ॲसिडात बुडवून त्यातून एक काहीतरी वेगळं काढलं की मग तो दगड राहिला का? उद्या म्हणाल भाकरी म्हणजे ऊन. आणि ताईंच्या लेकीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही, प्लास्टिक आल्यावर दगडांचं महत्त्व कमी झालंय की नाही हे सरळ सांगा की.

कातळकडा

शंकेखोर, पहिला मुद्दा अर्धा मान्य. म्हणून तर मी मोबाईल सुचवला नाही, आत काय आहे ते मुलांना दिसत नाही, मग नुसती नावं पाठ होतात. मात्र धातू दगडातून काढावा लागतो ही गोष्ट छोटी नाही. ॲल्युमिनिअम घ्या, कवचात लोखंडापेक्षा जास्त आहे पण ऑक्सिजनला असा काही चिकटून बसलेला की १८८६ पर्यंत स्वस्तात सोडवताच येत नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी वॉशिंग्टनच्या त्या उंच स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनिअमची टोपी बसवली ती चांदीच्या तोडीचा महागडा धातू म्हणून. आज तो आपण गुंडाळून फेकून देतो. बॉक्साईट म्हणजे ॲल्युमिनिअमच्या कच्च्या दगडापासून नव्याने काढायला जेवढी वीज लागते त्याच्या साधारण ५ टक्क्यांत जुना वितळवून परत वापरता येतो, म्हणून तो फेकणं जास्तच जिवावर येतं.

आता प्लास्टिक. हा मुद्दा मला मनापासून आवडला कारण उत्तर प्लास्टिकच्याच पोटात आहे. प्लास्टिकची खुर्ची, पीव्हीसी पाईप, वायरवरचं आवरण, यात चुनखडीची बारीक पूड मिसळलेली असते, कधी शंखजिरं (टाल्क). स्वस्त पडतं आणि कडकपणा येतो. पांढरा रंग दिसतो तो टायटॅनिअम डायऑक्साईडचा, तोही इल्मेनाईट किंवा रुटाईल या खनिजांतून आलेला, भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तोच. तर लेकीला सांगा, बसली आहेस त्या प्लास्टिकच्या खुर्चीत थोडा दगड आहे.

कागदातही. गुळगुळीत चकचकीत मासिक आणि तेवढ्याच पानांचं वर्तमानपत्र दोन हातांत धरायला द्या. मासिक जड लागतं कारण त्या चकाकीसाठी पांढरी चिकणमाती म्हणजे केओलिन नाहीतर चुनखडीची पूड थापलेली असते. बोट फिरवलं की जे गुळगुळीत लागतं तो कागद नव्हे, खनिज.

शंकेखोर

खुर्चीचं माहीत नव्हतं. ठीक आहे, एक गुण तुम्हाला. भाकरीचं वाक्य मात्र मागे घेणार नाही.

खडीवाला

साईटवर उन्हात उभा राहून टाईप करतोय, चुका पोटात घाला.

लोक मोबाईल-मोबाईल करतात पण माणूस जमिनीतून सगळ्यात जास्त काय उपसतो तर वाळू आणि खडी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालात वर्षाला ५० अब्ज टन असा आकडा आहे. आणि तरी वाळवंटातली वाळू काँक्रीटला चालत नाही, वाऱ्याने घासून घासून कण गोल गुळगुळीत झालेले असतात, एकमेकांना धरत नाहीत. नदीतली धारदार हवी नाहीतर दगड फोडून केलेली.

सिमेंट वाळतं म्हणून घट्ट होतं असं नव्वद टक्के लोकांना वाटतं (नव्वद माझ्या अंदाजाने). वाळत नाही हो ते, पाणी पितं. चुनखडी आणि चिकणमाती १,४५० अंशांना भाजून जे गोळे होतात ते दळायचे आणि त्यात थोडं जिप्सम नावाचं मऊ खनिज टाकायचं, ते नसेल तर पाणी लागताच थापीवरच धरायला सुरुवात होईल. मग पाण्याशी प्रक्रिया होऊन आत बारीक सुया-पापुद्रे तयार होतात ते वाळू-खडीला बांधून ठेवतात. म्हणून तर सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं आणि म्हणूनच आम्ही स्लॅबवर पाणी मारत बसतो. लवकर सुकून जाऊ दिलं तर ते कच्चं राहतं. याची दुसरी बाजूही सांगा, १०० किलो चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साईड होऊन उडून जाते, भट्टीचा धूर वेगळा. म्हणून सिमेंटचं नाव हवामानबदलाच्या चर्चेत येतं.

आता करून दाखवायचं. नोकरीला लागलो तेव्हा एकदा मातकट वाळू आली, मी नवखा, ट्रक रिकामा करू दिला, मग साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याच हातून टेस्ट करवून घेतली. ती टेस्ट तुमच्या वर्गात चालेल. उभट पारदर्शक बाटली, अर्ध्याहून कमी वाळू-माती, वर पाणी, चिमूटभर मीठ (माती लवकर बसते), झाकण लावून खसाखसा हलवा आणि टेबलावर ठेवून विसरून जा. आधी खडे बसतात, मग वाळू, मग सगळ्यात वर मातीचा मऊ थर. आम्ही त्या थराची जाडी मोजून वाळू परत पाठवतो, तुम्ही मुलांना सांगा की गाळाचा खडक असाच थरावर थर बसून होतो, फक्त लाखो वर्षं आणि वरून दाब.

आणि हो, "दगडापेक्षा वीट मऊ" म्हणतात ती वीट पण खनिजांतूनच आलेली, चिकणमाती भाजलेली. तिची बाजू घ्यायला कुणी येत नाही.

ओटा_प्रेमी

मी शास्त्रातली नाही, माझा शहाणपणा नुकसानीतून आलाय. घरी पांढऱ्या संगमरवराचा ओटा, त्यावर लिंबाचा रस सांडला, पुसला, तरी फिकट धुरकट डाग राहिला. मला वाटलं डाग आहे म्हणून घासला. मग आंबट वासाचं एक क्लीनर ओतून घासला. डाग पसरला. मग अजून घासला!! शेवटी पॉलिशवाले काका आले, त्यांनी तिरप्या उजेडात बघून सांगितलं बाई हा डाग नाही, खड्डा आहे, तुम्ही दगड खाल्लात.

संगमरवर म्हणजे चुनखडीच, जमिनीखाली उष्णता नि दाबाने शिजून बदललेली. आंबट काही लागलं की ती विरते आणि बुडबुडे येतात. शेजारी ग्रॅनाईटवर तेच लिंबू पडलं तर काही होत नाही. मुलांना दोन्हीच्या तुकड्यांवर व्हिनेगर टाकून दाखवा, भिंगातून बुडबुडे दिसतील. तुकडे नसतील तर खडूवर टाका, खडू म्हणजे पण चुनखडीच ना.

अर्धवट_अभ्यासू

बापरे, मी दोन दिवस नव्हते तर केवढं लिहिलंत सगळ्यांनी. पेन्सिलीचा दिवा लागला!! (तिसऱ्या प्रयत्नात. एलईडी उलटाच होता.)

पण एक गडबड. फरशीचे तुकडे मिळेपर्यंत म्हटलं खडूवर करून बघू. लेकीला आधी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आता बघ कसा फसफसतो, व्हिनेगर ओतलं, आणि काहीही नाही. दोन-चार हवेचे बुडबुडे आले तेवढेच. खडू भिजून मेला. लेक माझ्याकडे बघतेय, मी खडूकडे. व्हिनेगर जुनं म्हणून की काय? की मला वर्गात जायच्या आधीच फजितीची सवय व्हावी म्हणून?

कातळकडा

व्हिनेगर बिचारं निर्दोष आहे. ताई, तुमचा खडू खडू नाहीये :)

खडू नावाचा खरा खडक असतो, पांढरा मऊ, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाच्या चुन्याच्या कवचांचा खच साचून झालेला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हरचे ते पांढरेशुभ्र कडे त्याचेच. तो फसफसतो. पण फळ्यावरचे बरेचसे खडू आता जिप्समचे करतात, कॅल्शिअम सल्फेट, त्याला व्हिनेगर काही करू शकत नाही. शिसपेन्सिलीत शिसं नाही तसं खडूत खडू नाही, नाव तेवढं मागे राहिलं. कोरडं असतं तेव्हा खडूच्या भेगांत हवा असते, ती दोन-चार बुडबुडे होऊन बाहेर येते, तेच तुम्हाला दिसले.

ही फजिती वर्गात तशीच्या तशी करा, आधी खडूवर टाका, काही होऊ देऊ नका, मग अंड्याचं कवच टाका. त्याला सणसणीत बुडबुडे येतात, ते चुन्याचंच. फसलेला प्रयोग मुलं विसरत नाहीत.

जिप्समचं अजून एक, नखाने ओरखडा उठतो. मोस नावाच्या माणसाने १८१२ मध्ये खनिजांना कडकपणाचे नंबर दिले, शंखजिरं १, जिप्सम २, चुनखडीतलं कॅल्साईट ३, गारगोटी ७, हिरा १०. नख साधारण अडीचचं. म्हणजे प्रत्येक पोराच्या बोटाला दहा मोजमापाची यंत्रं लावलेली आहेत. दाताचं आवरण ५ च्या आसपास, आणि काही टूथपेस्टमध्ये घासायला कॅल्साईटची पूड असते ती ३ ची, म्हणून मळ निघतो आणि दात शाबूत राहतो. गारगोटीची खरखरीत पूड घालून घासलं तर चार दिवसांत दातांची वाट. तुमची टूथपेस्ट कुठल्या जातीची ते व्हिनेगरच्या थेंबाने कळेल, कॅल्साईटची असेल तर बुडबुडे.

जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की ते प्लास्टर ऑफ पॅरिस, पाणी परत दिलं की पुन्हा दगड. कालवताना गरम लागतं ते दाखवायचा मोह होईल, तर एका छोट्या कपात चमचाभर आणि बाहेरून हात लावून. मुलांना त्यात बोटं बुडवू देऊ नका, जास्त मिश्रण असेल तर भाजण्याइतकं तापतं आणि बोट आतच अडकतं.

सोनसळी_हात

इतकं बोलणं झालं आणि कसोटी शब्द कुणी काढला नाही, नवल आहे. कसोटी हा दगड आहे राव, कसोटी सामना नंतर आला.

आमच्याकडे तीन पिढ्या सोन्याचं काम. आजोबांचा दगड अजून आहे, काळाभोर, चपटा, हाताच्या बोटांएवढा, तेलकट गुळगुळीत. त्यावर दागिन्याची कड घासून एक रेघ ओढायची, शेजारी ज्याचा कस माहीत आहे त्या काडीची रेघ. नुसत्या रंगावरूनच आजोबा अर्धं ओळखायचे, हलकं सोनं तांबूस किंवा फिकट मारतं. मग काचेच्या काडीने दोन्ही रेघांवर नायट्रिक ॲसिडचा थेंब. खोटी रेघ डोळ्यांदेखत विरून जाते, कारण तांबं-चांदी विरतं, सोनं राहतं. दगड काळा हवा म्हणजे रेघ उठून दिसते, बारीक कणांचा हवा, आणि ॲसिडला न बधणारा हवा, वरच्या ताईंचा संगमरवर इथे कामाचा नाही. काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात, आम्ही दिवसातून दहा वेळा पुसतो.

ॲसिड मुलांसमोर नको अर्थातच. पण नुसती रेघ ओढायचा खेळ चालेल. चिनी मातीच्या टाईलची मागची बाजू, बिनचकाकीची, त्यावर वेगवेगळे दगड घासायचे.

कातळकडा

वा, हे राहिलंच होतं. हेमॅटाईट म्हणून लोखंडाचं खनिज असतं, चकचकीत काळं-रुपेरी, पण टाईलवर घासलं की तांबडी रेघ. गेरूचा लाल रंग त्याचाच, गुहांमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांतला लालही बहुतेक तोच. आणि पायराईट, सोन्यासारखा पिवळा, रेघ मात्र हिरवट काळी. दगडाचा वरचा रंग दगा देतो, भुकटीचा सहसा देत नाही. गारगोटी घासाल तर उलट टाईलच झिजेल, ७ ची आहे ती.

मातीतला_मुक्काम

मी शेतीवाला, एकच सांगतो. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे असतात त्यातला पहिला नत्र, तो हवेतून काढता येतो. दुसरा स्फुरद, तो दगडातूनच येतो, फॉस्फेट खडक, त्याला पर्याय नाही, आणि जगातल्या ज्ञात साठ्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास मोरोक्कोकडे (पश्चिम सहारा धरून). तिसरा पालाश, तोही खाणीतला, आटलेल्या जुन्या समुद्रांचा क्षार. तोच स्फुरद पिकातून आपल्या हाडा-दातांत जातो. तर शंकेखोर साहेब, भाकरी म्हणजे ऊन आणि थोडा दगड.

शंकेखोर

😂 दोन गुण. थांबतो आता.

अर्धवट_अभ्यासू

झालं एकदाचं! पंधरा मिनिटांची पस्तीस झाली, बाईंनी दोनदा घड्याळ दाखवलं (क्वार्ट्झचं).

बाटली आधी हलवून टेबलावर ठेवली ती शेवटपर्यंत विसरायची होती पण पोरं सारखी तिच्याकडेच बघत होती. बसलेल्या मुलांना खुर्चीतल्या दगडाचं सांगितल्यावर सगळे उठून खुर्च्या उलट्या करून बघायला लागले, हा त्रास कुणी सांगितला नव्हता मला. खडू फसवला, अंड्याचं कवच फसफसलं, एकाने विचारलं मग आपली हाडं व्हिनेगरमध्ये ठेवली तर, मी म्हटलं ते घरी आईला विचार. मिठाचा दाणा भिंगाखाली ठेवला तो बेस्ट निघाला, प्रत्येक दाणा चौकोनी ठोकळा, एक मुलगी म्हणाली हे कुणी कापलं. ग्रॅनाईटचा तुकडा मिळाला, काळा नाही, ठिपक्यांचा :) घड्याळाचा भागाकार मात्र नवव्या पायरीला वर्गाने सोडून दिला.

आता नवीन प्रकरण. टाईलचा तुकडा लेकीने दप्तरात ठेवलाय आणि दिसेल त्या दगडाची रेघ ओढत फिरते. तिच्या वर्गातला एक मुलगा आज डबीत कापूस घालून पिवळा चमकता दगड घेऊन आला, मामाने दिलाय, सोन्याचा आहे म्हणून वर्गभर मिरवला. आमच्या बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर टाईलवर घासला. काळी रेघ. "सोनं नाहीये" म्हणून तोंडावर सांगितलं. तो रडला, आता बोलत नाही. पायराईटच असणार ना? त्याची समजूत कशी काढू?

कातळकडा

पायराईटच. त्याला विचारा, दगडावर फाशासारखे चौकोनी ठोकळे दिसतात का, एकमेकांत घुसलेले, सरळ कडांचे. असतील तर ते कुणी कापलेले नाहीत, तसेच जमिनीत वाढलेत, मिठाच्या दाण्यासारखे पण कितीतरी मोठे. आणि पोलादावर आपटलं तर ठिणगी पडते, नावच ग्रीक भाषेत आगीवरून आलंय. सोन्यातून ठिणगी पाडून दाखवा म्हणावं. फक्त डबीत ओल जाऊ देऊ नका, पायराईट दमट हवेत हळूहळू पांढुरकं होऊन भुगा व्हायला लागतं, तो कापूस कोरडा असेल तर ठीक.

अर्धवट_अभ्यासू

ठोकळे आहेत! फोनवर विचारलं, त्याने मोजून सांगितले अकरा. एक कोपरा टाईलवर घासून झिजलाय त्याबद्दल लेकीने सॉरी म्हटलंय, उद्या मोठ्या माणसासमोर ठिणगी बघायची या अटीवर दोघांचं जमलंय. मोठं माणूस म्हणजे मीच. पोलादाचं काय वापरू, जुनी कानस चालेल?

खडीवाला

कानस एक नंबर. तिची गुळगुळीत बाजू घ्या, चष्मे लावा तिघांनी, आणि खोलीत अंधार करा नाहीतर दिसायची नाही.